मोठा कप, लहान कप

कपडे अल्टर करून देणाऱ्या त्या बाईच्या तोंडात दिवसभर टाचण्या असायच्या, म्हणून शेजारच्या गाळ्यातली पार्लरवाली तिला ‘टाचणी’ म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

समोरच्या कॉफी शॉपचे भाव डोळे पांढरे करणारे. पण टाचणी व्यवहाराला पक्की! दोन लहान कॉफ्यांऐवजी एक मोठी घ्यायची, लहान रिकामा कप मागून घ्यायचा आणि अर्धी त्यात ओतायची. पैसे बरेच वाचत. नियम एकच: जी ओतेल तिने आपला कप नंतर उचलायचा. ओतायची टाचणी, आणि पार्लरवाली दरवेळी मोठा कपच उचलायची. ‘हावरट मेली,’ असं टाचणी मनात म्हणायची. पण सोबत तिचीच लागायची.

मग चष्म्याच्या दुकानात एक नवी मुलगी लागली. सोमवारी दोरे घेऊन परतताना टाचणीला कॉफी शॉपच्या काचेतून दिसलं, पार्लरवाली आणि ती पोरगी, मध्ये एक मोठा कप, एक लहान. टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला. युक्ती कुणाची? खिडकीजवळची जागा कुणाची? आणि ही बया तिथे खिदळतेय! संध्याकाळी तिने रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाची पँट दोनदा उसवली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेआधीच जाऊन बसली. मोठी कॉफी घेतली, अर्धी ओतली आणि वाट पाहत राहिली. ओतणारीने आधी उचलायचं नसतं ना!

पार्लरवाली आली, पण मागोमाग ती चष्मेवालीही.

“अगं टाचणे, आम्ही मघाशीच पार्लरमध्ये नेऊन घेतली गं, कप परत द्यायला आलोय. हिची जेवणाची सुट्टी लवकर असते. इथे ओळखीचं कुणी नाही तिला.”

“हो का? मग कर ना ओळख. मी काय, जुनी झाले.”

“असं काय बोलतेस? उद्या तिघी मिळून घेऊ.”

“एका कपात तिघी? मग चमच्यानेच प्या!”

पार्लरवालीचं तोंड एवढंसं झालं. ती त्या मुलीला घेऊन निघून गेली.

टाचणी धुमसत राहिली. पैसे दिलेली कॉफी टाकायची तिची छाती नव्हती, म्हणून तिने दोन्ही कप संपवायचे ठरवले. आधी लहान, रोजचा. तो काठोकाठ होता, संपता संपेना. मग तिने पहिल्यांदाच मोठा कप उचलला. ओठांना नुसता फेस लागला. ओतताना कॉफी जवळजवळ सगळी लहान कपात गेली होती आणि फेस मागे राहिला होता. खाली जेमतेम दोन घोट.

पार्लरवाली हाच कप रोज हसत उचलायची, आणि टाचणीची कॉफी संपेपर्यंत हातात धरून बसायची.