कर्दळीचा पाला

आमच्या वस्तीमागे, तळ्याच्या काठावर, गिट्टीचा एक लांबट वाफा आहे. साऱ्या गल्लीच्या मोऱ्यांचं आणि संडासाच्या टाक्यांचं पाणी त्यातून झिरपतं, निवळतं, मग तळ्यात जातं. वर कर्दळ लावलेली. पाहुण्यांना ती लाल-पिवळी फुलं बाग वाटायची. मीही खाली काय वाहतं ते सांगत नसे, उगाच चहा कडू कशाला करा.

तळ्यात माझी मैत्रीण शिंगाडा लावायची. नवरा गेल्यापासून तिचं वर्ष त्याच एका पिकावर. मोसम आला की माझ्या पदरात ती शिंगाडे ओतायची, मोजमाप न करता.

वाफ्याची देखरेख माझ्याकडे आली, कारण मी रिकामी आणि तोंडाने मोठी. बांधणाऱ्या इंजिनिअरने मला नीट समजावलं होतं. साबणात आणि मैल्यात खत असतं, ते कर्दळ शोषून घेते, म्हणून ती वेळोवेळी कापायची आणि पाला दूर नेऊन टाकायचा. मी मान हलवली. लक्षात ठेवलं फक्त कापायचं.

माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. आमच्या घरी तुटका धागासुद्धा फेकत नसत, गाठ मारून कुठेतरी लावायचाच. एवढा हिरवागार पाला फेकायचा कसा? झाडाचं झाडालाच, म्हणून मी तो दोन वर्षं वाफ्यावरच अंथरला. कर्दळ माणसाएवढी झाली. मी मिरवलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतर गिट्टी तुंबली. काळं पाणी वर येऊन काठावरून थेट तळ्यात उतरलं. दसऱ्यापर्यंत तळ्यावर हिरवी साय धरली, मासे उलटे तरंगले. शिंगाड्याची वेल हातात धरली की चिकट होऊन तुटायची.

इंजिनिअर आला, वाफा उकरला. गिट्टीत कुजक्या पाल्याचा काळा थर निघाला. त्याने विचारलं, हा पाला कोणी टाकला? बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मैत्रीण कमरेपर्यंत ओली, तळ्यातून तशीच वर आलेली.

"तू टाकत होती? मले वाटे, तू झाडं जपून राहिली."

"खत व्हावं म्हणून टाकला वं."

"झालं ना खत," ती म्हणाली. "माह्या तळ्याले."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

वाफा धुऊन पुन्हा भरला. पाला आता मी स्वतः टोपल्याने दूर नेऊन टाकते, गुडघे कुरकुरतात तरी. तळ्यात मात्र अजून वेल धरत नाही. मैत्रीण इतवारीच्या बाजारातून दुसऱ्यांचे शिंगाडे आणते आणि चौकात बसते. मी जाते, पाव किलो मागते. ती काट्यात टाकते, एक काढते, पुन्हा ठेवते. काटा बरोबर आला की तिचा हात थांबतो.