टोपलीचं झाकण

तारामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्याच्या एका हॉटेलात मिसळपाव खात होते. तिनं बघितलं असतं तर मैद्याच्या पावावरून चांगली झाडली असती मला... महिना झाला त्याला. तिची माफी मागायची राहून गेली, हे काही डोक्यातून जात नाही.

जेवणातल्या चोथ्यानं रक्तातलं कोलेस्टेरॉल किती उतरतं, हे मी पीएचडीसाठी तपासत होते. आळेफाट्याच्या हॉटेलांतले कामगार आणि डिंगोऱ्यातली काही घरं, दोन्हीकडे इसबगोलाची पाकिटं द्यायची, आधी आणि नंतर रक्त तपासायचं. खाण्यापिण्याचे फॉर्म मी भरायचे. डिंगोऱ्यात पाकिटं वाटायचं, समोर उभं राहून प्यायला लावायचं काम गावातल्याच तारामावशीचं. आळेफाट्यावर आकडे छान उतरले, डिंगोऱ्यात जागचे हलेनात. फॉर्मवर तर दोन्हीकडे तेच, चपाती, भात, बटाट्याची भाजी. मग फरक कशानं? मी शहाणी! चार बायकांदेखत मावशीला विचारलं, पाकिटं कोंबड्यांपुढं टाकता काय. तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या खोलीच्या दारात हजर. कुणाला न सांगता चला म्हणाली. पहिल्या घरात मी पडवीत टेकते न टेकते तोच घरच्या बाईनं गव्हाचं पीठ काढलं. मावशी सरळ आत गेली, टोपलीवरचं झाकण उचललं आणि मला हाक मारली. आत नाचणीच्या भाकरी, शेजारी हुलग्याचं कालवण. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. पुण्याच्या मॅडमला काळी भाकरी खातो म्हणून कोण सांगणार? पाहुण्याला जे वाढायचं तेच त्या मला सांगत होत्या, आणि मी ते खुशाल लिहून घेत होते.

"ह्यांच्या पोटात चोथा आदीच लई हाय, म्याडम," मावशी म्हणाली. "भरल्या हंड्यात तांब्याभर वतलं तर कुठं दिसायचं?"

सगळे फॉर्म पुन्हा भरले, तेव्हा कुठं त्या आकड्यांचा अर्थ लागला. माणूस मुळात रोज काय खातो हे न बघता वरून दिलेल्या पाकिटाला पास-नापास करू नये, एवढंच माझ्या प्रबंधाचं सार. त्यावर पदवी मिळाली, कौतुक झालं. आभारात मावशीचं नाव छापलं, पण तिला वाचता येत नव्हतं. तोंडानं मात्र मी कधी चुकले म्हणाले नाही. लाज आडवी आली, दुसरं काय...

परवा डिंगोऱ्याला तिच्या घरी गेले. पडवीत त्या दिवशीच्याच चार बायका बसलेल्या. सुनेनं माझ्यासाठी चपाती लाटायला घेतली. मी उठून आत गेले आणि टोपलीवरचं झाकण उचललं. नाचणीची भाकरी होती, तीच वाढ म्हणाले. मग बाहेर आले.

"मावशीनं एक पाकीट वाया घालवलं नव्हतं," मी बायकांना म्हणाले. "चूक माझी होती."

"आमाला ठावंच व्हतं, म्याडम," त्यातली एक म्हणाली. "तिला ऐकायचं व्हतं."

टोपलीचं झाकण अजून माझ्या हातातच होतं.