ताडपत्रीखालची हद्द

स्वतःच्या घराची हद्द सरकारी ड्रोनपासून झाकून ठेवणारा निमोण्यातला एकमेव माणूस मीच. (तेसुद्धा भरदिवसा!)

गावठाणातल्या आमच्या घराला कागद असा कधी नव्हताच. आता मालकीचा कागद मिळणार होता. मोजणीवाल्यांनी सांगितलं, हद्दीवर चुना टाका, ड्रोन वरून फोटो काढेल. मधल्या हातभर बोळापायी शेजारच्या हमीदमामांशी माझं बोलणं बंद होतं. सरपंचांनी मध्ये पडून बोळाच्या मधोमध हद्द ठरवून दिली. चुना मी स्वतः टाकला आणि माझी झोप उडाली.

सकाळी पाहतो तर कोंबड्या रेघ उकरतायत! रेघ गेली म्हणजे बोळ गेला! मी कांद्यावरची निळी ताडपत्री ओढून आणली, रेघेवर अंथरली, वर दगड ठेवले.

"अवो, ड्रोन यायच्या आत काढा ती," बायको म्हणाली.

"मला कळतंय!"

ड्रोन घरघरत आला. आपलंच घर सुटेल या धास्तीनं मी रस्त्यावर धावलो आणि हात हलवून ओरडू लागलो, "हिकडं! हिकडं!" तो डोक्यावरून गेला. मी समाधानानं वळलो, तर हमीदमामा दारात डोक्याला हात लावून उभे.

"आरं, ताडपत्री!"

मी बोळाकडे धावलो. ताडपत्री रेघेवर तशीच अंथरलेली!

"म्हंजी माझा बी बोळ गेला?" मामांनी विचारलं.

आम्ही दोघं एकाच गाडीवर मोजणीवाल्या साहेबांच्या मागं लागलो.

"सायब, परत उडवा की!"

"आता चौकशीला तुमच्या घरी येऊ, तेव्हा दोघं हद्द दाखवा. भांडण असेल तर तसं लिहू, मग कागद अडकेल."

"भांडान? छ्या!" आम्ही एकदमच ओरडलो.

चौकशीपर्यंत मी रोज मामांकडे चहाला जात होतो. (प्रेम कमी, पहारा जास्त!) चौकशीच्या दिवशी साहेब बोळात उभे राहून म्हणाले, "हद्द दाखवा." मी भीतीनं डोळे मिटूनच बोट केलं. उघडले, तर मामांचंही बोट तिथंच! मला रडूच आलं.

साहेबांनी ड्रोनचा फोटो दाखवला. सगळा गाव मातकट, मधोमध निळीशार ताडपत्री. "अख्ख्या गावात तुमचंच उठून दिसतंय बघा." माझी छाती फुगली.

मामांनी चष्मा चढवला. "सायब, ती ताडपत्री माझी हाय. मागल्या कांद्याला नेली ह्यानं, अजून दिली न्हाई!"

आमच्या घराण्यातली सरकारला दिसलेली पहिली मालमत्ता, आणि तीही उसनी!