ओल्या फडक्याविना मौद्यापर्यंत

मधुकररावांशी माझी ओळख ऐन मे महिन्यात, नागपुरात सीताबर्डीच्या वर्कशॉपमध्ये झाली. मी नवा पदवीधर, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. देशी मोटार बनवणाऱ्या आमच्या कंपनीचे ते विदर्भातले सर्व्हिस इंजिनिअर. नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून त्यांनी माझ्या हातात एक ओलं फडकं दिलं. म्हणाले, "ही आपल्या कंपनीची लाज. नीट ओळख करून घ्या."

नागपूरकरांना फडक्याची गोष्ट सांगायला नको; बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या उन्हात गाडीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणाऱ्या पंपातच उकळे, त्याची वाफ होई आणि गाडी भर रस्त्यात मान टाकी. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर इंजिनाजवळच्या त्या पंपावर ओलं फडकं ठेवी. गोल बोनेटचं मॉडेल गेलं, नव्या जाळीचं आलं, इंजिनाचा जोर वाढला. फडकं मात्र तिथेच. पंप इंजिनाच्या गरम अंगापासून लांब न्या, असं मधुकरराव कारखान्याला दर उन्हाळ्यात बजावत. तिकडून उत्तर येई, फडक्यानं भागतंय ना? त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य: "आपण मोटारी विकतो की फडकी?"

अखेर सत्तरच्या दशकात कारखान्याचे मुख्य डिझाइन इंजिनिअर पंपाची जागा बदललेली एकच गाडी घेऊन नागपुरात आले. मेच्या दुपारी ती फडक्याविना पस्तीसेक किलोमीटरवरच्या मौद्याला जाऊन आली, तर पुढच्या सगळ्या गाड्यांत हा बदल होणार. वाटेत बंद पडली, तर विषय कायमचा मिटला. मधुकररावांची इतक्या वर्षांची भांडणं त्या एका गाडीवर येऊन ठेपली होती.

वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं. तापलेली गाडी उभी राहिली की पंपाची खरी परीक्षा. आम्ही उतरून सावलीला गेलो, ड्रायव्हर गाडीपाशीच थांबले. मालगाडी रमतगमत गेली आणि आमची गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मी तर टाळ्या वाजवल्या. मौद्याला पोचल्यावर कारखान्याचे साहेब लिंबाखाली पाणी प्यायला गेले. इकडे मधुकररावांनी बोनेट उघडलं, तर पंपावर ओलं फडकं!

आमचे ड्रायव्हर बाबाराव मान खाली घालून उभे.

"काहून ठेवलं गा?" मधुकररावांनी विचारलं.

"गाडी बंद पडली असती तं तुमची इज्जत गेली असती ना सायेब. मले राहवलं नाही."

फडकं खिशात घालून परत फिरलो असतो, तर कुणाला पत्ता लागला नसता. मधुकरराव ते हातात धरून सरळ लिंबाखाली गेले. "साहेब, आजची चाचणी बाद. उद्या पुन्हा."

साहेबांचं परतीचं रिझर्व्हेशन होतं, ते वैतागले. "आणि उद्या बंद पडली तर?"

"तर माझं चुकलं, असं मीच सांगेन."

"मग निदान ड्रायव्हर तरी बदला."

"नाही. बाबारावच चालवतील. या गाडीची त्यांच्याइतकी काळजी कुणाला आहे?"

दुसऱ्या दिवशी ऊन आदल्या दिवसाहून खवळलेलं होतं आणि फाटक पुन्हा बंद. शेजारचा टॅक्सीवाला आपल्या पंपावर पाणी ओतून राहिला होता. त्यानं विचारलं, "देऊ का गा फडकं?" बाबारावांनी मानेनंच नको म्हटलं. या वेळी कुणीच गाडीतून उतरलं नाही. मालगाडी गेली, फाटक उघडलं. टॅक्सी नुसती गुरगुरली. बाबारावांनी सेल्फ मारला आणि आमची गाडी निघाली ती मौदा करून थेट सीताबर्डीलाच थांबली. बोनेट उघडून साहेबांनी पंपावर स्वतः हात ठेवला, मग तोच हात मधुकररावांपुढे केला.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यातून आलेल्या प्रत्येक गाडीत पंप नव्या जागी होता. त्यानंतर काही वर्षांनी कंपनीनं डिझेलचं इंजिन तयार केलं, तेव्हा पहिली गाडी आली ती नागपूरला. सोबत साहेबांचा निरोप होता: मधुकरराव हो म्हणेपर्यंत ही विकायची नाही. आम्हा नागपूरकरांची कॉलर तेव्हापासून जी ताठ झाली, ती आजवर ताठच आहे.

आज मधुकररावांची साठी. त्यांच्या तोंडून "हो" काढणं अजूनही महाकठीण. त्यासाठी आम्हाला आणखी कैक वर्षं घाम गाळावा लागो, आणि तो गाळून घ्यायला ते समोर असेच धडधाकट उभे असोत.