न म्हटलेला पाठ

विघ्नहर्त्या गजाननाला आणि करवीरनिवासिनी जगदंबेला वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की माझ्या सुनेने घडवलेले यंत्र आज कागलजवळच्या एका दूध संस्थेत रुजू झाले.

हे यंत्र दुधाची फॅट मोजते. त्याच्या आत लहानसा संगणक असतो. त्या संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला ही मंडळी कर्नल म्हणतात, तो सूनबाईच्या हातचा. यंत्र सुरू होताच गाभ्याने आधी स्वतःची परीक्षा द्यावी आणि चुकल्यास दुधाला स्पर्श करू नये, अशी तिची योजना. अशा परीक्षा अनेक, आणि प्रत्येकीसाठी तिच्यापुढे तीन पर्याय असतात: गाभ्यातच जडवणे, बाजूला ठेवून लागेल तेव्हा बोलावणे, किंवा वगळणे. सारी जबाबदारी प्रथमच तिच्या एकटीवर होती. मोजमाप चुकले असते तर गावाचा विश्वास गेला असता आणि तिचा शब्दही.

गेल्या रविवारी माझी पूजा आटोपली, तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडून बसली होती.

"बाबा, एकही चूक नाही! सगळा अहवाल शोधला, 'नापास' हा शब्दच कुठे नाही."

मी आयुष्यभर वेदपाठशाळेत विद्यार्थ्यांची संथा ऐकली. त्या सवयीने विचारले, "आणि 'पास' किती वेळा आहे?"

तिने शोधले. एकदाही नव्हता.

"म्हणजे कोणी चुकले नाही, की कोणी पाठ म्हटलाच नाही?"

ती कपाळावर हात मारून हसू लागली. साऱ्या परीक्षा तिच्याकडून दुसऱ्या पर्यायावर राहिल्या होत्या. बिचाऱ्या बाजूला बसून होत्या. त्यांना कोणी हाक मारलीच नव्हती.

तिने त्या गाभ्यात जडवल्या. पडद्यावर 'पास'च्या ओळी उमटू लागल्या.

"आता तरी झालं ना?"

"नाही. पाठशाळेत मी मुद्दाम एखादा स्वर चुकवून म्हणत असे. जो विद्यार्थी मान डोलवी, त्याला पुन्हा पहिल्या पाठापासून बसवत असे. तूही एक चूक कर."

तिने एका ठिकाणी अधिकाच्या जागी उणे लिहिले. यंत्र सुरू झाले, थबकले आणि म्हणाले, नापास. नापास झाल्याचा इतका आनंद मी कोणाच्याही मुखावर पाहिलेला नाही. मग तिने चूक निस्तरली आणि सारे पाठ पुन्हा शुद्ध निघाले.

आज संस्थेत सकाळच्या दुधाची रांग लागली होती. यंत्र परीक्षा देत होते आणि सचिवांचा धीर सुटला.

"काय ओ ताई, मशीन जपाला बसलंय काय? तवर दूध इरजंल की!"

"अण्णा, धार काढायच्या आधी हात धुता न्हवं?" आजऱ्याची ती, त्यांच्याच बोलीत उत्तरली. "मशीनबी हातच धुतंय."

"व्हय की!" सचिव हसले आणि किटली पुढे केली. मग माझ्याकडे वळले. "आणि हे पावणं कोण?"

"हे आमचे परीक्षक," ती म्हणाली.

अनेक सभांमध्ये शाली स्वीकारल्या. 'आमचे परीक्षक' या दोन शब्दांइतकी ऊब कशातच नव्हती.

वाचकहो, आपल्या घरी चूक प्रेमाने दाखवणारे आणि ती हसत स्वीकारणारे, दोघेही सदैव नांदोत. आपले कुटुंब, गोधन आणि विद्या जगदंबेच्या कृपाछत्राखाली वृद्धिंगत होवोत.