कुटुंबात कोण कोण

बायकोला कॅनडातल्या विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाल्याचा मेल तिनं स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलथनं. मातीवर संशोधन करायचं, दरमहा विद्यावेतन मिळायचं, आणि शेवटी एक ओळ होती की कुटुंबाला सोबत आणता येईल. ती ओळ तिनं मराठीत करून मोठ्यानं सांगितली आणि घरात जो दंगा सुरू झाला तो पुढं कितीतरी दिवस चालला. चौथीतली मुलगी चपला न घालता पळाली आणि बिदरच्या मैलूरमधल्या आमच्या गल्लीत दारोदार सांगून आली. आईनं एवढंच विचारलं की जायचं कोणत्या महिन्यात. त्याआधी तिला कडक भाकरी करून ठेवायच्या होत्या. पापडासारख्या वाळवलेल्या या ज्वारीच्या भाकरी महिनोन् महिने टिकतात, तेव्हा त्या कॅनडातही टिकतील, असा तिचा हिशेब.

ती ओळ पुन्हा नीट वाचावी असं कुणालाच वाटलं नाही. कुटुंब म्हणजे कोण, हा आमच्याकडं प्रश्नच नव्हता. बायको एम.एस्सी. करत होती तेव्हा तान्ह्या मुलीला आईनं सांभाळलं होतं. मग आता या दोघी जिथं, तिथं आई. सगळ्यांचेच पासपोर्ट काढायला टाकले. त्या दिवशी आई ठेवणीतलं इरकल नेसून पासपोर्टच्या कार्यालयात आली आणि खिडकीतल्या माणसाला त्यानं न विचारताच म्हणाली, "सुनेसंगं जायलेय. तिला शिकायचंय तिथं."

मी खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. पंचेचाळिशी उलटली तरी हैदराबादच्या पलीकडं गेलो नव्हतो. आता गिऱ्हाइकाला युरिया देतादेता मी बर्फाबद्दल बोलत असे. चहाच्या टपरीवरचे मित्र चिडवायचे. "बायकोच्या व्हिसावर जायलास व्हय अण्णा? तिथं भांडी तुलाच घासावी लागतील." मी म्हणायचो, इथंही मीच घासतो. खरंच सांगतो, इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. मुलीसाठी जाड स्वेटर आणला, तर ती भर उन्हाळ्यात पंखा लावून तो घालून बसली. घाम निथळतोय, पण काढायला तयार नाही.

मग आम्ही नवराबायको कलबुर्गीला गेलो, व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या एका माणसाकडं. त्यानं कागद चाळले, पासपोर्ट पाहिले, आणि आईचा पासपोर्ट अलगद बाजूला सरकवला. "अम्मा का इसमें नै आता साब." शिकणारीचा नवरा आणि लहान मुलं, एवढंच तिकडचं कुटुंब. आईला नंतर पाहुणी म्हणून बोलावता येतं, पण तो अर्ज वेगळा, आणि मंजूर होईलच असं नाही.

लिहायला जड जातं, पण ते ऐकून मला आधी हायसं वाटलं. आईचे गुडघे, तिची औषधं, बर्फात तिला कसं न्यायचं, ही काळजी मी कुणाला न सांगता वाहत होतो, आणि एका परक्या माणसानं ती परस्पर उतरवून घेतली. लाज वाटली ती नंतर, परतीच्या बसमध्ये, हुमनाबादच्या पुढं. शेजारी बायको खिडकीबाहेर बघत होती. आत्याबाईंना मी सांगते, असं ती म्हणाली. मी म्हणालो, माझी आई आहे, मीच सांगेन.

आणि सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचो, रोज आई काहीतरी नवीन विचारायची. विमानात पान खाऊ देतात का. तिथं शेजारी कोण असतात. मी खोटी उत्तरं द्यायचो, आणि वर मुलीला घेऊन फोनवर बर्फाचे व्हिडिओ बघायचो. माझा आनंद काही कमी होईना, याचीच मला जास्त चीड यायची.

शेवटी एका दुपारी आई भाकरी डब्यात रचत असताना मी तिच्यासमोर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"म्हणजे मी कुटुंबात न्हाई व्हय?"

"त्यांच्या कागदात न्हाईस."

"सुनेला ठाव हाय?"

"व्हय."

"तरीच. ती माझ्याकडं बघनाच झालीय." तिनं एक तुटलेली भाकर वेगळी ठेवली. मी घाईनं म्हणालो, तू म्हणशील तर मी जात नाही, त्या दोघींना पाठवतो. तेव्हा मात्र तिनं मान वर केली.

"ते माझ्या डोक्यावर कामून टाकायलास? तुला जायचंय का न्हाई, तेवढं सांग."

मी गप्प. लहानपणी जत्रेला जायचं असलं की मी असाच गप्प बसत असे, कुणीतरी आपणहून म्हणावं म्हणून. ती तशीच वाट बघत बसली.

"जायचंय, आई. लई जायचंय."

"मग तसं म्हण की. तोंड पाडून कामून फिरायलास आठवडाभर?"

तिनं डोळे पुसले, ते माझ्यापासून लपवलेही नाहीत. मग तिनं स्वतःच ठरवून टाकलं. ती कमलनगरला माझ्या बहिणीकडं राहणार. पहिली थंडी आम्ही काढायची, घर लावायचं, आणि मग पाहुणीचा अर्ज करायचा. तो नामंजूर झाला तर पुन्हा करायचा. बायकोला तिनं आत बोलावलं आणि रागावलीच, की माझ्यासमोर चोरासारखी कामून वावरायलीस, शिकायला जायलीस का कुणाचं घर फोडायला. बायको रडत रडत हसली.

शेजारीण डोकावून विचारू लागली, काय झालं. आई म्हणाली, "हे पुढं जायलेत. मी मागनं."

मग तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, आता सांग, तुला तिथं काय काय बघायचंय. मी सांगायला लागलो. गोठलेलं तळं, त्यावरून चालणारी माणसं, लाल पानांची झाडं. बोलताबोलता माझा आवाज चढला, मुलगी स्वेटर घालून मांडीवर येऊन बसली, आणि आई मधेमधे विचारत होती, "अन् मग?"