कोपऱ्यातली सही

दस्तगीरमामा पाटी रंगवण्याआधी दुकानदाराला बोलतं करायचे. गाव कुठलं, दुकान कुणी घातलं, गिऱ्हाईक कसलं, सगळं. चहा दोनदा व्हायचा, ब्रश कोरडाच. दुकानदार वैतागला की म्हणायचे, "पावणं, तुमचं बोलणं कळल्याबिगर तुमचं अक्षर कसं काढू? दम धरा की!" मुरगूडच्या पैलवानाच्या खानावळीला त्यांनी मांडी ठोकून बसलेलं अक्षर दिलं, नेसरीच्या बांगडीवालीला गोल, कानडीकडं झुकलेलं. खाली कोपऱ्यात बारीक सही असायची: 'दस्तगीर, गडहिंग्लज'. कोल्हापुरात तीस वर्षं काढली, पण सहीतलं गाव सोडलं नाही. "ऱ्हातो हितं, पण हाय तिथला," म्हणायचे.

मला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं. "रेघ वडताना श्वास सोडू नगंस, पोरी. हात हलतोय." पुढं मी मुंबईला कला महाविद्यालयात गेले, चार इंग्रजी शब्द शिकले आणि शहाणी झाले. शेवटच्या वर्षी मी विषय घेतला, 'पाट्यांतून दिसणारं कोल्हापूर'. फोटो सगळे मामांच्या पाट्यांचे. सर म्हणाले, कोपऱ्यात गिचमिड दिसतेय. पण सरांवर कशाला ढकलू? सही कापली मीच. खाली 'अज्ञात कारागीर' असंही मीच लिहिलं. वाचायला भारदस्त वाटत होतं ना!

वाहवा झाली. मग कोल्हापुरातच प्रदर्शन भरलं. दारातच माझं नाव, हातभर. आणि अक्कल गहाण टाकल्यासारखं मी मामांना आवतण दिलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, मामींना घेऊन. मामींना वाचता येत नव्हतं. मामांनी एकेक फोटो पाहिला, खालची ओळ वाचली, माझ्याकडं एकदाच बघितलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

मामी म्हणाल्या, "तुमचं नाव कुठं लिवलंय ओ?"

मामा त्यांना दाराशी घेऊन गेले आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. "हे काय, हितं. केवढं मोठं लिवलंय बघ की."

मामींनी त्या अक्षरांवरून हात फिरवला, मग माझ्या गालावरून. "गुणाची गं बाई माझी!"

ते कौतुक मी घेतलं. लाज वाटत होती, तरी घेतलं.

पुढं फ्लेक्स आले, मामांचं काम गेलं, नंतर मामाही गेले. मामी अजून आग्रहानं जेवायला बोलावतात. दरवेळी आज सांगायचंच असं ठरवून जाते, आणि जेवून परत येते.